सोन्याच्या नॅनोकणांनी दुधातलं मेलामाइन शोधताना: निळा रंग खरा कधी मानायचा?

सोन्याच्या नॅनोकणांच्या लाल द्रावणात दुधाचा अर्क टाकला, पाच मिनिटांत ते निळं झालं, म्हणजे दुधात मेलामाइन (प्रथिनं जास्त भासावीत म्हणून भेसळीत घातलं जाणारं रसायन) आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्ट अहवालांत हे वाक्य सर्रास सापडतं. प्रत्यक्षात तो निळा रंग पुष्कळदा दुधातल्या कॅल्शियमचा असतो. कधी अर्धवट उदासीन केलेल्या आम्लाचा, कधी नुसत्या विसळून घेतलेल्या बीकरचा.

पद्धतीत खोट नाही. पण शोधनिबंधांत नमुन्याची तयारी दोन-चार ओळींत उरकलेली असते आणि गाडी नेमकी तिथेच अडते. म्हणून इथे कण बनवण्याइतकाच, किंबहुना जास्त, वेळ दुधावर घालवला आहे. साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, सेंट्रिफ्यूज, पीएच मीटर आणि मायक्रोपिपेट एवढ्या सामानात हे सगळं जमतं.

## सुरू करण्याआधी: हा रंग काय सांगतो, काय सांगत नाही

साधारण १३ नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांभोवती सायट्रेटचं आवरण असतं. त्याच्या ऋणभारामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात, द्रावण लाल दिसतं आणि प्रकाशाच्या शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास येतं. मेलामाइनच्या रेणूवर तीन अमिनो गट असतात. ते सोन्याला चिकटतात, सायट्रेटला बाजूला सारतात आणि भार घटतो. कण एकमेकांजवळ आले की ६४० नॅनोमीटरच्या पुढचं शोषण वाढतं आणि डोळ्याला आधी जांभळा, मग निळा रंग दिसतो.

कण जवळ आले, एवढंच हा रंग सांगतो. त्यांना कोणी जवळ आणलं, ते तो सांगत नाही. मीठ आणतं, आम्ल आणतं, कॅल्शियम आणतं, सिस्टीनसारखी गंधकयुक्त संयुगंही आणतात. याच्या उलट, दुधातलं केसिन हे प्रथिन अर्कात उरलं तर ते कणांवर लेप चढवतं, आणि मग मेलामाइन असूनही द्रावण लालच राहतं. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते हे डोक्यात ठेवूनच पुढचे टप्पे वाचा.

कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मर्यादा अशा आहेत: शिशुआहाराच्या पावडरीत किलोमागे १ मिलिग्रॅम, द्रवरूप शिशुआहारात ०.१५ आणि इतर अन्नात २.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही हेच आकडे ठेवले आहेत. नुसत्या सायट्रेट-सोन्याच्या पद्धतीसाठी २.५ हा काठावरचा आकडा आहे. ०.१५ साठी ती वापरू नका, आणि अहवालात तसा दावाही करू नका.

अफ्लाटॉक्सिन एम-१ या दुधात उतरणाऱ्या बुरशीजन्य विषासाठी हीच पद्धत चालेल का, असंही विचारलं जातं. एफएसएसएआयच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये एम-१ मर्यादेबाहेर निघालं, तर भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते फक्त १२. तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण एम-१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मेलामाइनच्या २.५ मिलिग्रॅमच्या पाच हजारांश. तिथे उघडे कण कामाचे नाहीत. प्रतिपिंड बांधलेल्या कणांची पट्टी लागते. तो वेगळा विषय आहे.

## टप्पा १: भांडी आणि पाणी

नॅनोकणांसाठी लागणारी काचेची भांडी, चुंबकीय ढवळकांडीसकट, ताज्या अम्लराजाने धुवायची: ३ भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, १ भाग तीव्र नायट्रिक आम्ल. दहा-पंधरा मिनिटं ठेवून मग भरपूर शुद्ध पाण्याने वारंवार विसळायचं. आधीच्या प्रयोगातला जांभळट थर काचेवर राहिला असेल तर नवे कण त्यावरच बसतात आणि हवे ते १३ नॅनोमीटरचे कण मिळत नाहीत. ढवळकांडी विसरणारे बरेच असतात. टेफ्लॉनवर ओरखडे पडलेली जुनी कांडी सरळ बाजूला काढा.

सावधान: अम्लराज फक्त फ्यूम हूडमध्ये, लागेल तेवढंच बनवा. बाटलीत भरून बूच लावू नका, वायू साचून बाटली फुटते. ॲसिटोनने विसळलेलं ओलं भांडं त्यात कधीही घालू नका. फ्यूम हूड नसेल तर अम्लराजाच्या भानगडीत न पडता या कामासाठी नवी भांडी वेगळी काढून ठेवा आणि दुसऱ्या कशालाही वापरू नका.

पाणी टाइप-१ (प्रयोगशाळेतल्या सर्वांत शुद्ध) दर्जाचं असावं, निदान काचेच्या उपकरणातून दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं. बॅटरीत घालायचं पाणी चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डाग काढायला बाजारात मिळणारा पांढरा ‘जादूचा’ स्पंज हा मेलामाइनचाच फेस असतो. लॅब असिस्टंटने हौसेने त्याने बीकर घासले असतील तर तुमच्या ब्लँकमध्येच (तुलनेसाठीच्या, मेलामाइन नसलेल्या नळीत) मेलामाइन येईल. कॅन्टीनमधल्या मेलामाइनच्या कपात किंवा वाडग्यात दूध आणणंही याच कारणासाठी बंद.

## टप्पा २: कण बनवणे

क्लोरोऑरिक आम्ल हवेतली ओल झपाट्याने ओढतं. त्यामुळे थोडं थोडं वजन करत बसू नका. १ ग्रॅमची कुपी फोडून सगळं एकदम १०० मिलि पाण्यात विरघळवा. ट्रायहायड्रेट असेल तर हे सुमारे २५.४ मिलिमोलर होतं. धातूचा चमचा लावायचा नाही, सोनं त्यावरच उतरतं. बाटली गडद रंगाची, वरून फॉइल, ठेवायची फ्रिजमध्ये.

मग क्रम असा:

१. ४८ मिलि पाण्यात या साठ्यातलं सुमारे २ मिलि घाला. ५० मिलि, १ मिलिमोलर द्रावण तयार होईल.

२. कंडेन्सर लावून, जोरात ढवळत, खळखळून उकळी आणा. तळाशी बुडबुडे दिसू लागले म्हणजे उकळी नव्हे.

३. १.१४१ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १०० मिलि पाण्यात विरघळवून ३८.८ मिलिमोलर द्रावण आधीच, त्याच दिवशी ताजं करून ठेवा. त्यातलं ५ मिलि एका दमात ओता. थेंबाथेंबाने घातलं तर लहानमोठे कण होतात.

४. रंग पिवळ्यावरून जवळजवळ पाण्यासारखा, मग काळपट निळसर, मग जांभळा आणि शेवटी डाळिंबी लाल होईल. काळपट टप्प्यावर घाबरून गॅस बंद करणारे असतात, करू नका. सायट्रेट घातल्यापासून १० मिनिटं उकळत ठेवा, मग आच काढून आणखी १५ मिनिटं ढवळा.

थंड झालं की काचेच्या स्वच्छ बाटलीत, अंधारात, ४ अंशांवर. गोठवलं तर कण कायमचे गुठळतात, म्हणून फ्रीजरजवळचा कप्पाही टाळा.

## टप्पा ३: कणांची परीक्षा

हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं अंधारात चालतं. दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, वर्णपट. मूळ द्रावणाचं शोषण ३ च्या आसपास असतं, तिथे बहुतेक उपकरणांचं वाचन भरवशाचं नसतं. म्हणून पाण्याने चौपट पातळ करून ४०० ते ८०० नॅनोमीटर स्कॅन करा. शिखर ५१८ ते ५२२ मध्ये आणि अणकुचीदार हवं. ६४० चं शोषण भागिले ५२० चं शोषण, हे गुणोत्तर ०.१ च्या आसपास असावं. ०.१५ च्या वर गेलेली बॅच मी वापरू देत नाही.

दुसरी, मिठाची सहनशक्ती. कणांचं द्रावण पाण्याने दुप्पट पातळ करा (बफरने नको). हेच पुढे चाचणीतही वापरायचं आहे. त्यातले ५०० मायक्रोलिटर आणि वाढत्या तीव्रतेच्या मिठाच्या द्रावणांचे ५०० मायक्रोलिटर, अशी रांग लावा: ०, १०, २०, ४०, ८०, २०० मिलिमोलर. दहा मिनिटांनी गुणोत्तर काढा. कुठल्या पायरीला ते वर सरकायला लागतं ते वहीत लिहा. त्याच मिठाच्या द्रावणांची विद्युतवाहकताही मोजून शेजारी लिहा. हा तक्ता पाचव्या टप्प्यात लागेल.

तपासा: २०० मिलिमोलरलाही द्रावण लालच राहिलं तर खूश होऊ नका. भांड्यात साबण किंवा प्रथिन होतं, कणांवर लेप बसला आहे, आणि असे कण मेलामाइनलाही दाद देणार नाहीत.

## टप्पा ४: दूध आणताना

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे, पण त्यातली एक गोष्ट सगळा प्रयोग बुडवते. दुधाच्या नमुन्यात टिकवण्यासाठी फॉर्मालिनचे थेंब टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. स्निग्धांश मोजायचा असेल तर ते चालून जातं. मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड मात्र एकमेकांशी प्रक्रिया करतात. मेलामाइनच्या प्लेटा त्यातूनच तर बनतात. फॉर्मालिन घातलेल्या दुधात मुक्त मेलामाइन कमी सापडेल आणि दोष जाईल तुमच्या कणांवर. काहीही न घालता, बर्फात आणा आणि त्याच दिवशी वापरा. नाहीतर लहान भाग करून उणे २० अंशांवर ठेवा.

याच फेरीत ‘कोरं’ दूध मिळवायचं. ज्या गाई-म्हशीचं दूध तुमच्या डोळ्यांदेखत काढलं आहे, असं. म्हशीच्या दुधाची चाचणी असेल तर कोरंही म्हशीचंच हवं, पिशवीचं होमोजिनाइज्ड असेल तर त्याला जवळचं. गाईच्या दुधावर काढलेला आलेख म्हशीच्या दुधाला लावू नका.

## टप्पा ५: दुधाचा अर्क

सगळी मेख इथे आहे. अर्कातून स्निग्धांश आणि प्रथिनं काढायची, क्षार सहनशक्तीच्या खाली आणायचे आणि मेलामाइन मात्र हातचं जाऊ द्यायचं नाही.

१. दूध खोलीच्या तापमानाला आणून, बाटली हलक्या हाताने उलटीसुलटी करून एकजीव करा. ५ मिलि सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये घ्या.

२. त्यात २० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचं १ मिलि घाला. अर्धा मिनिट जोरात हलवा, दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये ठेवा. सोनिकेटर नसेल तर दर दोन मिनिटांनी हलवत वीस मिनिटं. हे आम्ल कातडी जाळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

३. सेंट्रिफ्यूज करा. शोधनिबंधात ‘१०,००० आरपीएम’ लिहिलेलं असतं आणि आपल्या मशीनचा काटा ४,००० च्या पुढे जात नाही. आरपीएमचे आकडे एका मशीनवरून दुसऱ्यावर जसेच्या तसे नेता येत नाहीत, रोटरच्या त्रिज्येवर सगळं ठरतं. ४,००० वालं असेल तर २० मिनिटं फिरवा आणि पुढच्या गाळणीवर भर द्या. मशीन थंड करता येत असेल तर उत्तमच, वरचा स्निग्धांश घट्ट बसतो.

४. वरची साय आणि खालचा चोथा यांच्या मधला स्वच्छ द्रव पिपेटची टीप सायीच्या कडेने घालून हळूच ओढा. ट्यूब तिरकी करून ओतायची नाही.

५. यातलं २.५ मिलि घ्या. पीएच मीटरवर बघत १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ७ पर्यंत आणा. साधारण अर्धा मिलि लागेल. मग पाण्याने बरोबर ५ मिलि करा.

६. आता थांबा. पंधरा मिनिटं. द्रवावर पांढुरकी झाक येईल.

ही झाक बघून कुणी म्हणतं प्रथिनं राहिली, कुणी ती हलवून तशीच पुढे नेतं. ती बव्हंशी कॅल्शियम फॉस्फेटची असते. दुधातलं बरंचसं कॅल्शियम केसिनच्या गोळ्यांत अडकलेलं असतं. आम्ल घातलं की ते सुटून द्रवात येतं आणि पीएच वर नेला की फॉस्फेटबरोबर खाली बसू लागतं. द्विभारी असल्यामुळे कॅल्शियम साध्या मिठाच्या कितीतरी कमी तीव्रतेत सोन्याचे कण गुठळवतं. तेव्हा ही झाक आपल्या फायद्याची आहे, फक्त ती काढून टाकायला हवी.

७. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. पहिले काही थेंब फेकून द्या.

८. गाळलेलं २ मिलि घेऊन पाण्याने १० मिलि करा.

हिशेब: आम्ल घालताना १.२ पट, नंतर २ पट, मग ५ पट. एकूण १२ पट पातळ. क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) कणांशी निम्मं-निम्मं मिसळल्यावर २४ पट. म्हणजे लिटरला २.५ मिलिग्रॅम मेलामाइन असलेल्या दुधातून क्युव्हेटमध्ये येणार फक्त ०.१ मिलिग्रॅम, सुमारे ०.८ मायक्रोमोलर. मघाशी ‘काठावरचा आकडा’ म्हटलं ते यामुळे. कमी पातळ करावं तर आम्लाचाच सोडियम क्षार आड येतो: पातळ न केलेल्या अर्कात तो २०० मिलिमोलरच्या घरात असतो, आणि तेवढ्यावर कुठलेही सायट्रेट कण तग धरत नाहीत.

तपासा: तयार अर्काचा पीएच ६.५ ते ७.५ आहे ना? आम्लाच्या बाजूला सायट्रेटचा भारच कमी होतो आणि कण मेलामाइनशिवाय गुठळतात. मग विद्युतवाहकता मोजा आणि टप्पा ३ च्या तक्त्याशी ताडा. ती सहनशक्तीच्या पायरीच्या बरीच खाली हवी. खाली आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. वाहकतेला कॅल्शियम आणि सोडियम यांतला फरक कळत नाही.

## टप्पा ६: नमुन्याला हात लावण्याआधी चार ब्लँक

प्रत्येक दिवशी, प्रत्येक बॅचला, या चार नळ्या आधी:

- क: कण आणि पाणी. लाल राहिलीच पाहिजे. नाही राहिली तर कण खराब आहेत.
- ख: कण आणि दुधाऐवजी पाणी घेऊन केलेला अर्क, आम्ल-अल्कलीसकट. निळी झाली तर दोष रसायनांत, पाण्यात किंवा क्षारांत.
- ग: कण आणि कोऱ्या दुधाचा अर्क. ख लाल आणि ग निळी, तर कॅल्शियम किंवा दुधातलं आणखी काही. टप्पा ५ मधल्या सहाव्या पायरीला जास्त वेळ द्या, नाहीतर शेवटी पाचऐवजी दहा पट पातळ करा आणि हिशेबही बदला.
- घ: कोऱ्या दुधात आम्ल घालण्याआधीच लिटरला १० मिलिग्रॅम मेलामाइन मिसळून केलेला अर्क. ही निळसर झालीच पाहिजे. लाल राहिली तर केसिन उरलंय, किंवा सायट्रेट जास्त झालंय.

क, ख, ग लाल आणि घ निळी, असं चित्र मिळेपर्यंत खरा नमुना उघडायचा नाही. विद्यार्थी सगळ्यात जास्त घाई इथेच करतात, कारण मार्गदर्शकांना ‘रिझल्ट’ दाखवायचा असतो. ग नळीशिवायच्या निळ्या रंगाचा फोटो कितीही सुंदर आला तरी व्हायवात पहिला प्रश्न तोच येणार.

## टप्पा ७: मोजणी

दुप्पट पातळ केलेले कण ५०० मायक्रोलिटर आणि अर्क ५०० मायक्रोलिटर. क्रम एकच ठेवा: कण आधी नळीत, त्यांवर अर्क, मग नळी तीनदा हळू उलटी. कधी हे आधी, कधी ते आधी असं केलं तर तोच नमुना वेगळी रीडिंग देतो. व्होर्टेक्स मिक्सरने घुसळणं नको.

गुठळणं थांबत नाही, वेळेबरोबर वाढतच जातं. म्हणून प्रत्येक नळीचं वाचन मिसळल्यापासून बरोबर दहाव्या मिनिटाला. दहा नळ्या एकदम मिसळून मग सावकाश एकेक वाचली तर दहावी नळी पहिलीपेक्षा निळी येणारच. नळ्या एक-एक मिनिटाच्या अंतराने सुरू करा आणि त्याच अंतराने वाचा. फ्रिजमधला अर्क आणि कण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मिसळू नका. मे महिन्यातली दुपार आणि एसीची खोली यांची रीडिंग एका तक्त्यात बसवू नका.

प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या. क्युव्हेट वापरून फेकायची प्लास्टिकची चालते, आपण दृश्य प्रकाशातच मोजतो आहोत. काचेची असेल तर तिच्या भिंतीवर सोन्याचा थर बसतो आणि पुढची वाचनं हळूहळू वर चढतात.

फक्त ६४० चं शोषण नोंदवू नका. गुणोत्तरच घ्या, आणि दोन्ही मूळ आकडेही लिहा. खूप वेळ गेला किंवा मेलामाइन फार असलं की कण तळाला बसतात, दोन्ही आकडे पडतात आणि वरचं पाणी जवळपास रंगहीन दिसतं. नुसतं गुणोत्तर लिहिलेलं असेल तर हे नंतर ओळखू येत नाही. ६४० हाच आकडा धरून बसण्याची गरज नाही; तुमच्या घ नळीचं पूर्ण स्कॅन घेऊन दुसरं शिखर कुठे येतं ते बघा आणि तिथली तरंगलांबी ठरवून टाका. एकदा ठरवली की प्रोजेक्टभर तीच.

मोबाइलच्या फोटोवरून रंग मोजायची टूम आहे. कॅमेरा आपल्या मर्जीने पांढरा समतोल बदलतो, त्यामुळे बंद खोका, एकच दिवा आणि मॅन्युअल सेटिंग नसेल तर तो फोटो शोभेपुरता.

## टप्पा ८: आलेख

मेलामाइन पाण्यात लिटरला तीनेक ग्रॅमच विरघळतं, तेही रेंगाळत. १०० मिलिग्रॅम कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून १०० मिलि करा, मग दहा पट पातळ करून लिटरला १०० मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण. तळाशी कण दिसत असतील तर तो साठा नव्हे.

आलेख पाण्यात काढायचा नाही. शुद्ध पाण्यातल्या मेलामाइनवर काढलेली देखणी रेषा दुधाच्या अर्काला लावणं ही या पद्धतीतली सगळ्यात जास्त छापली गेलेली चूक असावी. कोऱ्या दुधाच्या ५० मिलिच्या वाटण्या करा आणि त्यांत लिटरला ०, १, २.५, ५, १० आणि २० मिलिग्रॅम होईल असं मेलामाइन मिसळा. २.५ साठी कामाचं द्रावण १.२५ मिलि. अर्धा तास ठेवा, मग प्रत्येकाचा टप्पा ५ प्रमाणे अर्क काढा.

येणारी रेषा सरळ नसेल. सुरुवातीला सपाट, मध्ये झपकन चढ, शेवटी पुन्हा सपाट. मधल्या चढाचाच भाग वापरा. एक्सेलमध्ये सगळे बिंदू एका रेषेत कोंबून ती शून्यातून न्यायचा मोह टाळा. कोऱ्या दुधाचं गुणोत्तर शून्य नसतंच.

शोधमर्यादा काढायला कोऱ्या दुधाचे किमान दहा स्वतंत्र अर्क करा आणि त्यांच्या प्रमाण विचलनाच्या ३.३ पटीला चढाने भागा. एकच अर्क दहा वेळा वाचून येणारा आकडा फार गोंडस दिसतो, पण तो उपकरणाचा असतो, पद्धतीचा नाही. आणि आलेला आकडा २.५ च्या वर असेल तर तसाच लिहा.

## टप्पा ९: खरा नमुना, आणि तीन उत्तरं

नमुन्याचे दोन भाग करा. एकाचा तसाच अर्क, दुसऱ्यात आम्लाआधी लिटरला १० मिलिग्रॅम मेलामाइन घालून.

साधा भाग लाल, मेलामाइन घातलेला निळा: शोधमर्यादेच्या वर मेलामाइन आढळलं नाही. ‘मेलामाइन नाही’ असं लिहायचं नाही.

दोन्ही लाल: निकाल लागत नाही. अर्कातलं काहीतरी कणांना झाकतं आहे. बरेच जण हा नमुना ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळे होतात.

साधा भाग निळा: संशयित, एवढंच. गुणोत्तरावरून आकडा काढा, पण आधी युरिया, अमोनियम सल्फेट, ग्लुकोज, कॅल्शियम क्लोराइड आणि सिस्टीन यांना तुमचे कण कितपत दाद देतात ते कोऱ्या अर्कात तपासून ठेवलेलं हवं. युरिया दुधात मुळातच असतो, शिवाय भेसळीतही येतो, त्यामुळे त्याची नळी सोडूच नका. सायरोमाझिन या कीटकनाशकाचं विघटन होऊन मेलामाइन तयार होतं, तेव्हा थोड्या प्रमाणातलं खरं मेलामाइनसुद्धा कुणी मुद्दाम घातलेलंच असेल असं नाही.

परवडत असेल तर संशयित अर्क धन-आयन विनिमयाच्या मिश्र प्रकारच्या एसपीई (घन-अवस्था निष्कर्षण) काड्यांतून काढा. आम्लधर्मी अर्क काडीवर सोडायचा, धुवायचा, अमोनियायुक्त मिथेनॉलने मेलामाइन उतरवायचं, पूर्ण वाळवून पाण्यात घ्यायचं. क्षारांचा बराचसा त्रास इथेच संपतो. अमोनियाचा वास जराही येत असेल तर वाळवणं अपुरं आहे. कोरं दूधही त्याच काडीतून काढून पाहिल्याशिवाय हा आकडा धरू नका.

शिक्कामोर्तब एलसी-एमएस/एमएस या, रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या, उपकरणावरच होतं. तोवर डेअरीचं किंवा ब्रँडचं नाव अहवालात, पोस्टरवर, व्हॉट्सॲपवर कुठेही टाकू नका. नमुन्याला क्रमांक द्या. कॉलेजातल्या रंगचाचणीला कायद्यात किंमत नाही. कुणाला खरोखर तक्रार करायची असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. तसा हेतू विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच कळवावा लागतो. एरवी नमुना घेण्याचं काम अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं.

वापरलेलं सोनं बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. उरलेले कण आणि मोजून झालेल्या नळ्या एका बाटलीत, सोनं विरघळलेलं अम्लराज दुसऱ्या बाटलीत, तेही शांत झाल्यावर, भरपूर पातळ करून आणि झाकण सैल ठेवून. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा चोथा तिसरीकडे. तिन्हींवर तारीख आणि नाव लिहून विभागाच्या कचरा-नोंदवहीत चढवा.